नायट्रोजनचा आकडा ऑक्सिजनपेक्षा मोठा का? आयनीकरण ऊर्जा, पायरीपायरीने

"नायट्रोजनची आयनीकरण ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त का?" हा प्रश्न मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. उत्तरपत्रिकेत बहुतेकांची एकच ओळ येते: "कारण नायट्रोजनचं पी उपकवच अर्धं भरलेलं आहे, म्हणून तो स्टेबल आहे." ही ओळ चुकीची नाही, पण तिला मी पूर्ण गुण देत नाही. अर्धं भरलेलं म्हणजे स्थिर का, असं पुढे विचारलं की वर्ग गप्प होतो. आणि क्रोमियमचं डी उपकवचही अर्धं भरलेलंच, मग त्याचा आकडा शेजारच्या मँगनीजपेक्षा कमी का, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे पाहू लागतात.

गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या बऱ्याच मुलांची चौथीपर्यंतची शाळा मराठीतून झालेली असते आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत येतं. "स्टेबल" हा शब्द पाठ होतो, त्यामागचं चित्र मात्र डोक्यात उभं राहत नाही. ते चित्र मराठीत उभं करावं म्हणून हा लेख लिहिते आहे. नुसता वाचू नका. वही, पेन्सिल आणि एक आलेख कागद घेऊन बसा.

सुरुवातीलाच एक गोष्ट वहीच्या वरच्या बाजूला लिहून ठेवा. आयनीकरण ऊर्जा म्हणजे दोन अवस्थांमधली तफावत: इलेक्ट्रॉन जाण्याआधीचा अणू आणि तो गेल्यानंतरचा आयन. त्यामुळे "स्थिर" म्हणताना कोण स्थिर, आधीचा की नंतरचा, हे सांगावंच लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्याभोवती फिरतात.

पायरी १: व्याख्येतला एकेक शब्द पारखा

वायुरूप, एकट्या, तळ अवस्थेतल्या (म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेतल्या) अणूपासून सर्वांत सैल धरलेला एक इलेक्ट्रॉन पूर्णपणे दूर न्यायला लागणारी किमान ऊर्जा, ही पहिली आयनीकरण ऊर्जा. एकक किलोजूल प्रति मोल. पुस्तकात कधी इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये आकडा दिसला तर ९६.५ ने गुणा. सोडियमचे ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे ४९६ किलोजूल.

"वायुरूप" आणि "एकट्या" हे शब्द मुलं गाळतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. "सोडियम इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. एकटा सोडियम अजिबात उत्सुक नसतो, त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ४९६ किलोजूल मोजावे लागतात. कोणत्याही अणूची आयनीकरण ऊर्जा धनच असते.

मग पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरात हात घातला की जे मीठ हाती येतं, त्यातला प्रत्येक सोडियम आयनच कसा? हिशेब करून पाहा. सोडियमसाठी ४९६ खर्च झाले. तो इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीनने ३४९ परत दिले. म्हणजे अजून १४७ चा तोटा आहे. पण सुटे आयन एकमेकांना चिकटून स्फटिक बनतात तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोजूल बाहेर पडतात. तोटा भरून निघतो तो तिथे. आता याच सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर ४५६२ लागतील, आणि एवढी भरपाई करणारा स्फटिक नाही. म्हणून मिठात सोडियम एकाच धनप्रभारावर थांबतो.

पायरी २: संरूपण लिहा आणि जाणाऱ्या इलेक्ट्रॉनवर बोट ठेवा

संरूपण म्हणजे कोणत्या कवचात आणि उपकवचात किती इलेक्ट्रॉन आहेत याची मांडणी. या लेखात मी २पी(३) असं लिहीन, म्हणजे दुसऱ्या कवचातल्या पी उपकवचात ३ इलेक्ट्रॉन. नायट्रोजन: १एस(२) २एस(२) २पी(३). ऑक्सिजन: १एस(२) २एस(२) २पी(४).

प्रत्येक प्रश्नात आधी संरूपण लिहायचं, मग जो इलेक्ट्रॉन जाणार त्याच्याभोवती गोल काढायचा, आणि त्याखाली उरलेल्या आयनाचं संरूपण लिहायचं. या तीन ओळींनी अर्धं काम होतं. संक्रमण मूलद्रव्यांत (लोह, तांबं यांसारख्या, डी उपकवच भरत जाणाऱ्या मूलद्रव्यांत) एक सावधगिरी बाळगा: भरताना ४एस आधी भरतो, पण आयन होताना ४एस मधलेच इलेक्ट्रॉन आधी जातात. लोहाचं संरूपण ३डी(६) ४एस(२), त्याच्या +२ आयनाचं ३डी(६). ३डी(४) ४एस(२) असं लिहिणारी वही मला दरवर्षी सापडते.

पायरी ३: त्या इलेक्ट्रॉनला तीन प्रश्न विचारा

तू केंद्रकापासून किती लांब आहेस? केंद्रकाची ओढ तुझ्यापर्यंत किती पोहोचते? तुझ्यासोबत कोण बसलंय?

दुसरा प्रश्न थोडा उलगडून सांगते. केंद्रकातले सगळे प्रोटॉन बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ओढत असतात, पण मधले इलेक्ट्रॉन ती ओढ अडवतात. अडवून उरलेला जो प्रभार जाणवतो त्याला परिणामी केंद्रकीय प्रभार म्हणतात. तो ढोबळपणे काढायची पद्धत स्लेटर यांनी १९३० मध्ये दिली. एस आणि पी इलेक्ट्रॉनसाठी ती अशी: त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ अडवतो, लगतच्या आतल्या कवचातला प्रत्येकजण ०.८५, आणि त्याहून आतला पूर्ण १.

लिथियम: ३ मधून दोन आतले, २ गुणिले ०.८५ म्हणजे १.७ वजा, उरले १.३. निऑन: १० मधून सात सोबती (७ गुणिले ०.३५ म्हणजे २.४५) आणि दोन आतले (१.७) वजा, उरले ५.८५. लिथियम आणि निऑन दोघांचाही बाहेरचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच कवचात आहे, पण ओढ साडेचारपट. शेजारी बसलेले एकमेकांना फारसं झाकत नाहीत आणि प्रोटॉन मात्र एकेक वाढत जातो, म्हणून आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे आयनीकरण ऊर्जा चढते. मधले आकडे तुम्ही स्वतः काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: आलेख काढा

ही पायरी टाळू नका. आडव्या अक्षावर मूलद्रव्यं, उभ्या अक्षावर किलोजूल प्रति मोल. दुसऱ्या आवर्ताचे आकडे असे:

लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१.

बिंदू जोडलेत की चढणीवर दोन खळगे दिसतात, एक बोरॉनला आणि एक ऑक्सिजनला. दोन्ही खळग्यांची कारणं वेगळी आहेत, ती एकात मिसळू नका.

बोरॉनचं कारण सोपं आहे. बेरिलियमचा जाणारा इलेक्ट्रॉन २एस मधला, बोरॉनचा २पी मधला. कक्षक म्हणजे उपकवचातली जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनांची जागा; एस मध्ये एक, पी मध्ये तीन. एस कक्षकातला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत घुसतो, पी मधला तेवढा नाही. शिवाय २एस मधली जोडी त्याला थोडं झाकतेही. म्हणून प्रोटॉन एक जास्त असूनही बोरॉनचा इलेक्ट्रॉन स्वस्तात सुटतो. "बेरिलियमचं एस उपकवच पूर्ण भरलेलं, म्हणून स्थिर" हे उत्तर चालवून घेतलं जातं, पण खरी गोष्ट इलेक्ट्रॉन कुठून सुटतो याची आहे.

पायरी ५: ऑक्सिजनचा खळगा

इथे थोडा वेळ थांबू या. लेखाच्या शीर्षकातला प्रश्न इथेच सुटतो.

आलेखावर पट्टी ठेवा. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन हे तीन बिंदू जवळजवळ एका रेषेत आहेत, टप्पे २८५ आणि ३१६. ऑक्सिजन, फ्लोरीन, निऑन हेही जवळजवळ एका रेषेत, टप्पे ३६७ आणि ४००. पहिली रेषा पुढे वाढवली तर ऑक्सिजन सतराशेच्या वर पडायला हवा होता, प्रत्यक्षात तो १३१४ वर आहे. म्हणजे नायट्रोजन एकटाच उंच उडालेला नाही. ऑक्सिजनपासून पुढची अख्खी रेषा खाली सरकली आहे. फक्त "नायट्रोजन स्थिर आहे" म्हटलं तर फ्लोरीन आणि निऑनसुद्धा त्या वाढवलेल्या रेषेच्या खाली का, हे सांगता येत नाही.

हे सांगायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे जोडीचा ताण: २पी मधला चौथा इलेक्ट्रॉन आधीच एक इलेक्ट्रॉन बसलेल्या कक्षकात येतो आणि दोघांमधलं अपकर्षण वाढतं. दुसरी म्हणजे विनिमय ऊर्जा. एकाच दिशेचं फिरकं (स्पिन) असलेले दोन इलेक्ट्रॉन पाउली यांच्या तत्त्वामुळे एकमेकांपासून आपोआप दूर राहतात, त्यामुळे त्यांच्यातलं अपकर्षण कमी होतं. अशा समान फिरक्याच्या प्रत्येक जोडगोळीमागे अणूला थोडी ऊर्जा वाचते. जितक्या जोडगोळ्या, तितकी बचत.

आता मोजा. प्रत्येक इलेक्ट्रॉनसाठी एक बाण काढा, फिरक्याच्या दिशेप्रमाणे वर किंवा खाली. वर तोंड केलेले आणि खाली तोंड केलेले बाण वेगवेगळे मोजायचे आणि प्रत्येक गटात किती जोडगोळ्या होतात ते पाहायचं. २पी(१) मध्ये ०, २पी(२) मध्ये १, २पी(३) मध्ये ३, २पी(४) मध्येही ३, २पी(५) मध्ये ४, २पी(६) मध्ये ६.

आयनीकरणात किती जोडगोळ्या गमावल्या, ते काढा. बोरॉन ०, कार्बन १, नायट्रोजन २. ऑक्सिजन ०, फ्लोरीन १, निऑन २.

०, १, २ आणि परत ०, १, २. तुमच्या आलेखातला खळगा बरोबर तिथेच आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीच वजाबाकी तीन वेळा करून पाहिली होती. इतक्या साध्या मोजणीतून आलेखाचा आकार निघतो यावर माझा विश्वास बसेना. वर्गात हे करताना मी उत्तर सांगत नाही, आलेख भिंतीला लावते आणि मुलांना आकडे खाली लिहायला लावते. कुणीतरी पाठीमागून "टीचर, ते परत शून्य झालं!" म्हणतं, आणि त्या दिवशीचा तास मार्गी लागतो.

आता उत्तर असं लिहा: "नायट्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढताना २पी(३) चं २पी(२) होतं आणि समान फिरक्याच्या दोन जोडगोळ्या तुटतात. ऑक्सिजनमध्ये २पी(४) चं २पी(३) होतं, एकही जोडगोळी तुटत नाही, उलट एका कक्षकातल्या जोडीचं अपकर्षण संपतं. म्हणून एक प्रोटॉन जास्त असूनही ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेत सुटतो." यात आधीचाही विचार आला आणि नंतरचाही. "अर्धं भरलेलं" हे शब्द घालायचे तर जरूर घाला, परीक्षक ते शोधतात. पण त्यांच्यापाशी थांबू नका.

तिसऱ्या आवर्तात हाच खळगा उथळ होतो: फॉस्फरस १०१२, गंधक १०००. नायट्रोजन-ऑक्सिजनमध्ये ८८ चा फरक होता, इथे फक्त १२ चा. ३पी कक्षक मोठे, इलेक्ट्रॉनांना जागा जास्त, त्यामुळे अपकर्षण आणि विनिमय दोन्हींचं वजन घटतं.

पायरी ६: गणात (आवर्तसारणीच्या उभ्या स्तंभात) खाली उतरा

लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सीझियम ३७६. कवच वाढलं, अंतर वाढलं, आकडा उतरला. यात अवघड काही नाही.

अडचण तेराव्या गणात येते. ॲल्युमिनियम ५७८, गॅलियम ५७९. खाली जाऊन आकडा उतरलाच नाही. कारण कॅल्शियम आणि गॅलियमच्या मध्ये दहा मूलद्रव्यांची डी रांग आहे. दहा प्रोटॉन वाढले आणि सोबत आलेले दहा डी इलेक्ट्रॉन ती ओढ नीट झाकू शकले नाहीत, कारण डी कक्षक पसरट असतात. इंडियम ५५८ वर उतरतं, पण थॅलियम पुन्हा ५८९. तिथे मध्ये एफ इलेक्ट्रॉनही आलेले असतात, आणि ते तर डी पेक्षाही कमी झाकतात.

पायरी ७: उडी शोधा

एकामागून एक इलेक्ट्रॉन काढत गेलं की प्रत्येक पुढचा महाग होत जातो, कारण आयनाचा धनप्रभार वाढतो. पण एका ठिकाणी आकडा एकदम झेप घेतो. संयुजा कवच, म्हणजे सर्वांत बाहेरचं कवच, रिकामं झालं आणि आतल्या कवचाला हात लागला, याची ती खूण.

मॅग्नेशियम: ७३८, १४५१, मग ७७३३. उडी दोन इलेक्ट्रॉननंतर, म्हणून गण २. कॅल्शियम: ५९०, ११४५, ४९१२, तेही तसंच. परीक्षेत नाव न सांगता आकडे देतात, उदाहरणार्थ ५७८, १८१७, २७४५, ११५७७. वजाबाकी करू नका, भागाकार करा. १८१७ भागिले ५७८ साधारण ३.१, पुढे १.५, आणि त्यानंतर ४.२. सर्वांत मोठं गुणोत्तर तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याच्या मध्ये आलं, म्हणजे तीन संयुजा इलेक्ट्रॉन. तिसऱ्या आवर्तात ते ॲल्युमिनियम.

कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांच्या दुसऱ्या आयनीकरण ऊर्जेचा चढता क्रम विचारला की मुलं पहिल्याच ऊर्जेचा क्रम लिहून मोकळी होतात. तसं न करता एक इलेक्ट्रॉन गेलेल्या आयनाचं संरूपण लिहा. ऑक्सिजनचा आयन २पी(३), फ्लोरीनचा २पी(४). आता अर्धं भरलेलं ऑक्सिजनकडे आलं. म्हणून क्रम: कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, फ्लोरीन ३३७४, ऑक्सिजन ३३८८.

पायरी ८: डी रांगेत "स्थिर" शब्द जपून वापरा

क्रोमियम ३डी(५) ४एस(१), पहिली ऊर्जा ६५३. मँगनीज ३डी(५) ४एस(२), ७१७. दोघांतही डी अर्धं भरलेलं, आणि दोघांतही इलेक्ट्रॉन जातो तो ४एस मधला, ३डी(५) ला धक्काच लागत नाही. त्यामुळे "क्रोमियम अर्धं भरलेलं, म्हणून त्याची पहिली आयनीकरण ऊर्जा जास्त" हे विधान आकड्यापुढे टिकत नाही. त्या ३डी(५) चा प्रभाव दिसतो दुसऱ्या वेळी: क्रोमियमची दुसरी ऊर्जा १५९१, मँगनीजची १५०९. तांबं आणि जस्तातही तेच. पहिली ऊर्जा जस्ताची जास्त, ७४५ विरुद्ध ९०६. दुसरी तांब्याची जास्त, १९५८ विरुद्ध १७३३, कारण तिथे ३डी(१०) फोडावं लागतं.

आणि हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघही नाही. क्रोमियमखालचं मॉलिब्डेनम ४डी(५) ५एस(१) असं वागतं, पण त्याखालचं टंगस्टन ५डी(४) ६एस(२) वरच राहतं. विनिमय ऊर्जेची बचत आणि दोन उपकवचांमधलं अंतर यांच्या तुलनेत जे भारी ठरेल तसं संरूपण होतं.

"स्थिर" या शब्दावर आकड्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला की काय होतं, याचं रसायनशास्त्रातलंच एक उदाहरण आहे. राजवायू (निऑन, झेनॉन यांसारखे) स्थिर, म्हणून ते संयुगं करत नाहीत, असं दीर्घकाळ मानलं जायचं. १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी पाहिलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं. ऑक्सिजन रेणूची आयनीकरण ऊर्जा सुमारे ११७५, झेनॉनची ११७०. मग झेनॉनमधून का नाही? त्यांनी प्रयोग केला आणि झेनॉनचं संयुग मिळालं. सगळ्या विचाराच्या मुळाशी दोन आकड्यांची तुलना होती.

पायरी ९: विहिरीच्या पाण्यावर पडताळून पाहा

आमच्या भागात माती तांबडी, घरं चिऱ्याची, आणि डोंगरात लोहखनिज. काही विहिरींचं आणि बोअरचं पाणी काढल्यावर नितळ दिसतं, पण बादलीत रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला तांबूस गाळ बसतो. नितळ पाण्यात लोह +२ अवस्थेत विरघळलेलं होतं. हवेतल्या ऑक्सिजनने ते +३ झालं आणि न विरघळणाऱ्या रूपात खाली बसलं. मँगनीजही आपल्या मातीत आहे, दक्षिण गोव्यात त्याच्या खाणी होत्या. पण पाण्यातलं +२ मँगनीज नुसत्या हवेने इतक्या सहज पुढे सरकत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्यांना लोह काढण्यापेक्षा मँगनीज काढणं अवघड जातं ते यामुळे.

वही उघडा. लोह +२ म्हणजे ३डी(६), +३ म्हणजे ३डी(५). जोडगोळ्या १० होत्या, १० च राहिल्या, गमावल्या ०. तिसरी आयनीकरण ऊर्जा २९५७. मँगनीज +२ म्हणजे ३डी(५), +३ म्हणजे ३डी(४). जोडगोळ्या १० च्या ६ झाल्या, गमावल्या ४. तिसरी आयनीकरण ऊर्जा ३२४८.

पाण्यात एकट्या वायुरूप अणूचा हिशेब पुरत नाही, हे पहिल्या पायरीत आपण मिठाच्या बाबतीत पाहिलंच. आयनाभोवती पाणी जमतं तेव्हा मिळणारी ऊर्जा, पाण्याची आम्लता, गाळ बसणं, हे सगळं त्यात धरावं लागतं. पण त्या बेरजेत लोह आणि मँगनीज यांच्यातला जवळजवळ ३०० किलोजूलचा हा फरक सर्वांत ठळक असतो. आमच्या वर्गातली मुलं आता पावसाळ्यानंतर घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन येतात. आम्ही बाटल्या खिडकीत ओळीने ठेवतो, झाकणं उघडी, आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू करण्याआधी कुणाच्या बाटलीत तांबूस थर आला ते पाहतो.